बिऱ्हाड आपलं, किल्ली दुसऱ्याची

हार्ड डिस्क बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखंच, असं परवा कुणीतरी म्हणालं. मी तेव्हा मान डोलावली, पण घरी येईपर्यंत मला ते पटेनासं झालं. घर बदलताना आपण कपाट उचलतो, टेम्पोत घालतो आणि नव्या घरात नेऊन ठेवतो. कपाटाला नव्या घराचा पत्ता माहीत असावा लागत नाही. त्यातला शर्ट "मी सदाशिव पेठेतला, मला कोथरूडमध्ये घालता येणार नाही" असं म्हणत नाही. कम्प्युटरमध्ये मात्र नेमकं हेच होतं. सामान जागेवर पोचतं, पण ओळख देत नाही.

गेले तीन आठवडे ब्लॉगवर सामसूम आहे ती यामुळेच. माझ्या गाण्याबजावण्याच्या कम्प्युटरमधली जुनी एक टेराबाइटची फिरती डिस्क काढून तिथे दोन टेराबाइटची एसएसडी बसवायची होती. जुनी डिस्क बिघडली नव्हती बिचारी. पण दहा वर्षं मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या यंत्राकडून आणखी किती अपेक्षा करायची? ती मुकी झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बोलती आहे तोवर सामान हलवलेलं बरं, एवढाच विचार. डिस्क बसवायला वीस मिनिटं लागली. उरलेले तीन आठवडे कशात गेले आणि त्यातून माझं काय मत झालं, ते सांगतो.

आधी नातेवाइकांसाठी थोडं. (ब्लॉगवाल्या मित्रांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.) आत्या नेहमी विचारते, "तू कम्प्युटरवर तबला वाजवतोस म्हणजे नक्की करतोस काय?" आत्या, मी वाजवत नाही. कुणीतरी चांगला तबलजी स्टुडिओत बसलेला असतो. त्याच्याकडून 'धा' वाजवून घेतात. एकदा नाही. हळू, मध्यम, जोरात अशा आठ पायऱ्यांवर. आणि प्रत्येक पायरीवर चार-चार वेळा, कारण माणसाचा कुठलाच 'धा' दुसऱ्यासारखा नसतो, आणि एकच आवाज परत परत आला तर कान लगेच पकडतो. शिवाय एक माइक जवळ, एक लांब. समजा असे बारा बोल घेतले. बारा गुणिले आठ गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे ७६८ छोट्या ध्वनिफिती झाल्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. एकेक आवाज तीन सेकंदांचा धरला तरी एका लहानशा तबल्याचे साडेसहाशे एमबीच्या पुढे जातात. या गाठोड्याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. व्हायोलिनच्या ताफ्याची लायब्ररी असेल तर हाच हिशेब शेकडो जीबींवर जातो.

हे सगळं काही कम्प्युटरच्या मेमरीत मावत नाही. म्हणून प्रत्येक आवाजाचा सुरुवातीचा छोटा तुकडा मेमरीत ठेवतात आणि तो वाजत असतानाच उरलेला भाग डिस्कवरून ओढून आणतात. १९९८ साली आलेल्या गिगासॅम्पलरने ही युक्ती रूढ केली आणि आजचा कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर त्याच वाटेने चालतो. म्हणूनच आमच्या धंद्यात (धंदा कसला, छंदच) डिस्कला इतकं महत्त्व. फिरती डिस्क दमली की गाण्यात खरखर येते, सूर मध्येच तुटतात. एसएसडीला सुई नाही, तबकडी नाही, त्यामुळे हजार ठिकाणचे तुकडे ती एका दमात गोळा करते.

आता मूळ मुद्दा. आपण "सॉफ्टवेअर हलवलं" असं सरसकट म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. एक म्हणजे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः. दुसरी त्याची लायब्ररी, म्हणजे विकत घेतलेला कच्चा माल. आणि तिसरी आपलं काम, म्हणजे त्या दोघांच्या मदतीने आपण जे केलं ते. माझं मत असं की पहिली हलवूच नये, नव्याने बसवावी. दुसरी हलवावी, पण डोळे उघडे ठेवून. आणि तिसरी पहिल्या दोघींच्या तावडीतून आधी सोडवावी, मग बाकीच्या गोष्टींना हात लावावा. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा करतात. सॉफ्टवेअरसाठी जिवाचं रान, लायब्ररीसाठी रात्रभर कॉपी, आणि स्वतःचं काम "ते काय, येईलच मागोमाग".

माझ्या भाच्याला हे पटत नाही. तो म्हणाला, "मामा, सरळ क्लोन मार ना! दोन तासांत जशीच्या तशी डिस्क तयार." त्याचं चूक नाही. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, आणि ती चालतेही. पण हुबेहूब म्हणजे हुबेहूब. माळ्यावरचं सगळं सामान न बघता नव्या माळ्यावर टाकण्याचा प्रकार. दहा वर्षांत मी मोहापायी गोळा केलेल्या लायब्रऱ्या, दिवाळीच्या सवलतीत घेतलेले कुठल्याशा आफ्रिकन ढोलांचे आवाज, 'भविष्यात लागेल' म्हणून ठेवलेली चर्चच्या ऑर्गनची १२ जीबी... सगळं तसंच आलं असतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे यातलं काय जागचं हलू शकतं आणि काय नाही, हे मला कळलंच नसतं. ते ज्या दिवशी कळायचं त्या दिवशी कळलं असतं, बहुधा डिस्क बंद पडल्यावर. भाच्याला मी एवढंच म्हणालो, "बाबा रे, तुझ्याकडे दोन तास आहेत, माझ्याकडे दहा वर्षं आहेत." तो हसला आणि गेला. :-)

तर पत्त्यांबद्दल. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर असतं. पहिली दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली. फ्लॉपी गेली, पण तिची खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे आणि आपली मुख्य डिस्क आजही 'सी'च आहे. माझ्या लायब्रऱ्या 'डी'वर. कॉन्टॅक्टमध्ये वाद्याची फाईल अगदी छोटी असते. तिच्यात आवाज नसतात, आवाज कुठे ठेवलेत त्याची नोंद असते. लायब्ररी दुसऱ्या अक्षरावर किंवा दुसऱ्या फोल्डरात गेली की तो विचारतो, सामान सापडत नाही, कुठे आहे? एकदा फोल्डर दाखवून 'बॅच रीसेव्ह' नावाची सोय वापरली की सगळ्या वाद्यांच्या फायलींत नवे पत्ते लिहिले जातात. (आधी त्या छोट्या फायलींची प्रत काढून ठेवा. ही सोय जुन्यांवरच नवं लिहिते.) ज्या लायब्रऱ्यांची रीतसर नोंदणी असते त्यांची नवी जागा कंपनीच्या व्यवस्थापक प्रोग्रॅममध्ये जाऊन दाखवावी लागते. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

आणि खरं तर तेही टाळता येतं. नव्या डिस्कला जुनीचंच अक्षर द्यायचं, फोल्डरांची नावं अक्षरशः तीच ठेवायची. मग सॉफ्टवेअरला काही बदललंय याचा पत्ताच लागत नाही. मी तेच केलं. मॅकवाल्यांना ही अक्षरांची भानगड नाही, पण लॉजिकच्या आवाजांचा काही दशक जीबींचा पसारा बाहेरच्या डिस्कवर नेण्यासाठी कित्येक वर्षं त्यांना आडवाटेने सिमलिंकचे पूल बांधावे लागले. २०१८ सालच्या १०.४.२ या आवृत्तीत लायब्ररी हलवण्याची सोय सरळ मेन्यूत आली. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागावीत यातच सगळं आलं. आपला माल ग्राहक कधी उचलून दुसरीकडे नेईल, हे विकणाऱ्याच्या डोक्यातच नसतं.

प्रत्यक्ष कॉपी करण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सहाशे जीबी होते. कम्प्युटरच्या आतच दोन्ही डिस्का जोडल्या तर मोठ्या फायली भराभर जातात आणि लाखभर चिमुकल्या फायली जीव खातात. जुन्या यूएसबी २.० च्या वायरने कुणी करायला जाणार असेल तर सेकंदाला पस्तीस एमबीच्या वेगाने जवळजवळ पाच तास लागतील, तेही सगळं सुरळीत झालं तर. आणि मधली पोर्टेबल डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीची असेल तर ४ जीबीच्या पुढची एकही फाईल ती घेणार नाही, मग डिस्कवर कितीही जागा असो. लायब्रऱ्यांमध्ये अशा दांडग्या फायली खूप असतात. असो.

खरी गोष्ट कुलपांपासून सुरू होते.

पत्ता दाखवला की सामान सापडतं. कुलपाचं तसं नाही. विकत घेतलेल्या बऱ्याच लायब्रऱ्या नुसत्या आवाजाच्या फायली नसतात. आवाज बंद पेटीत असतात आणि पेटी उघडताना ती कंपनीला विचारते, हाच का तो माणूस, हाच का तो कम्प्युटर? काही परवाने कम्प्युटरची ओळख त्याच्या भागांवरून ठरवतात. त्यात डिस्कही आली. तुम्ही डिस्क बदललीत की त्यांच्या लेखी तुम्ही नवे गृहस्थ. मग इंटरनेटवरून पुन्हा परवानगी घ्यायची. कंपनी जिवंत असेल तर पाच मिनिटांचं काम.

आमच्या घरातल्यांना मोठ्या काकांची भैरवी माहीत आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात मिरजेच्या घरी काकांनी पेटीवर वाजवलेली ती अकरा मिनिटं मी रेकॉर्ड केली होती. बाहेर कोकिळा ओरडतेय आणि तिसऱ्या मिनिटाला काकू "चहा ठेवू का" विचारतेय, तीच. :-) नंतर ठाण्याला येऊन मी तिला तबल्याची साथ जोडली, अर्थात लायब्ररीतल्या तबल्याची, आणि त्याची एमपी३ सगळ्यांना वाटली. काका २०२० मध्ये गेले. यंदा आत्याने सांगितलं, "मला त्यातली नुसती पेटी दे. तबला बाजूला कर, आणि जमलं तर मुलींना गायला तबला जरा सावकाश लावून दे." मागणी अगदी रास्त. एमपी३ मधून पेटी आणि तबला स्वच्छ वेगळे होत नाहीत. त्यासाठी मूळ प्रोजेक्टच उघडायला हवा.

ज्या कंपनीचा तो तबला होता ती कंपनी आता नाही. साइट नाही, परवाना देणारा सर्व्हर नाही, पत्राला उत्तर नाही. जुन्या डिस्कवर तो तबला खणखणीत वाजतो, कारण परवानगी पूर्वीच घेऊन ठेवलेली आहे. नव्या डिस्कवर त्याच फायली आहेत, त्यांचा बाइट न् बाइट मी ताडून पाहिला आहे. आणि तिथे पेटी उघडताना तो कंपनीला हाक मारतो, आणि हाकेला ओ देणारं कुणी नाही.

मी पावती जपून ठेवली आहे. पैसे दिले, माल माझ्या घरात आहे, आणि तरीही तो माझा नाही.

म्हणून सांगतो, आपलं काम आधी सोडवून घ्या. जुनी डिस्क अजून जागेवर होती तेव्हाच मी भैरवीचा प्रोजेक्ट उघडला आणि तबल्याचा ट्रॅक वेगळा वाजवून साध्या वेव्ह फायलीत उतरवून घेतला. मग दुसरा प्रोजेक्ट, मग तिसरा. एकूण १४० च्या आसपास प्रोजेक्ट निघाले. तीन आठवडे गेले ते यात. कॉपीला एक रात्र पुरली होती.

वेव्ह ही १९९१ सालची चीज आहे, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने आणलेली. तीस वर्षांहून जास्त काळ झाला, ती कुठेही उघडते आणि कुणाची परवानगी विचारत नाही. काकांची पेटी मुळात वेव्हमध्येच होती, त्यामुळे ती नव्या डिस्कवर पहिल्या टिचकीला वाजली. कोकिळेसकट. मी रीपर वापरतो, त्याची प्रोजेक्ट फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, कुठली फाईल कुठल्या फोल्डरात हे डोळ्यांनी दिसतं आणि पत्ता बदलायचा तर 'शोधा आणि बदला' करून काम होतं. पण त्याच फाईलमध्ये प्लगइनच्या पोटातलं जिथे साठवलेलं असतं तिथे पानंच्या पानं अगम्य अक्षरांचा ठोकळा असतो. कुठली लायब्ररी, कुठला तबला, काही कळत नाही. एकाच फाईलमध्ये अर्धं आपल्या भाषेत आणि अर्धं सावकाराच्या वहीतलं.

आत्याची अर्धी मागणी यातून पुरी झाली. नुसती पेटी मिळाली. पण "तबला सावकाश" हे राहिलं. वेव्हमध्ये उतरवलेला तबला म्हणजे झालेलं वाजवणं. तो ओढून लांबवता येतो, पण ओढलेल्या तबल्याचा बाया रबरी लागतो, ते कान खपवून घेत नाही. लय खरोखर बदलायची तर मूळ स्वरलेखन, म्हणजे मिडी, दुसऱ्या एखाद्या तबल्याकडून वाजवून घ्यायला हवं. मिडी आहे माझ्याकडे. १९८३ सालची ती पद्धत, तिलाही कुलूप नाही. लावून बघितलं दुसऱ्या लायब्ररीला. जिथे 'धा' तिथे 'तिट', जिथे 'ना' तिथे नुसती शांतता, आणि समेवर चक्क टाळी! रूपकाच्या वेशीवर केरवा मरून पडल्यासारखं काहीतरी झालं.

याचं कारण गमतीदार आहे. कुठल्या पट्टीवर कुठलं वाद्य, कुठल्या कळीवर कुठला ड्रम याचा एक सर्वमान्य तक्ता १९९१ साली ठरला, जनरल मिडी नावाचा. त्यातल्या १२८ वाद्यांत १०५ वी आपली सतार आहे, ११२ वी शहनाई आहे. तबला नाही. ड्रमच्या तक्त्यात काँगा आहे, बाँगो आहे, मराकासदेखील आहे, पण तबला नाही. त्यामुळे पाश्चात्त्य ड्रम एका लायब्ररीतून दुसरीत उचलून नेला तर पाय पायाच्या आणि हात हाताच्या जागी येतात. तबल्याच्या कळा मात्र ज्याने त्याने आपल्या मनाने मांडल्या. आपल्या वाद्याचा पत्ताच कुणी ठरवून ठेवलेला नसेल तर ते हलवणार कसं? आता मी अकरा मिनिटांचे बोल एकेक करून नव्या कळांवर बसवतोय. आत्या, थोडा धीर धर.

कंपन्या बंद होतात यात नवीन काही नाही. ज्या गिगासॅम्पलरचा वर उल्लेख केला तो पुढे टॅस्कॅमकडे गेला, गिगास्टुडिओ झाला आणि २००८ मध्ये त्याचं दुकान आवरलं गेलं. सोनार बनवणाऱ्या केकवॉकचं काम २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सनने थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून वापरणारे वाचले. क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने आपली डाँगलवाली ई-लायसन्सर सेवा २० मे २०२५ ला बंद केली. तिथे निदान कित्येक महिने आधी सांगितलं होतं, आणि क्यूबेससाठी नवी पद्धत २०२२ पासून आणलेली होती. मला यातला सगळ्यात भला वाटलेला प्रसंग अडोबीचा. एरवी त्यांच्या महिन्याच्या भाड्यावर मी पुष्कळ कुरकुर करत असतो. पण २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सीएस-२ चे परवाना तपासणारे सर्व्हर बंद केले तेव्हा, परवानगी न विचारणाऱ्या प्रती आणि त्यांचे नंबर साइटवर ठेवून दिले. ज्यांनी पूर्वी विकत घेतलं होतं त्यांनी घेऊन जा म्हणून. (फोटोशॉप फुकट झालं अशी आवई जगभर उठली, ते वेगळं.) माझी अपेक्षा यापेक्षा जास्त नाही. दुकान बंद करताना किल्ल्या गिऱ्हाइकांच्या हातात द्या. तेवढी तरतूद माल विकतानाच करून ठेवा.

दुसरी बाजू मला माहीत आहे. यातल्या कितीतरी लायब्रऱ्या तीन-चार माणसांनी मिळून केलेल्या असतात. सहा-सहा महिने रेकॉर्डिंग चालतं, आणि बाजारात येऊन आठवडा होत नाही तोच चोरीच्या प्रती फुकट वाटल्या जातात. त्यांनी कुलूप लावू नये असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण एक विचारतो. चोरीची प्रत कुलूप तोडूनच येते. ती कुठल्याही डिस्कवर, कुठल्याही वर्षी, सुखाने वाजते. तबला मुका झाला तो ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे. ज्या कुलपाचा त्रास फक्त घरमालकालाच होतो ते कुलूप नक्की कुणासाठी आहे?

आणि विकत घेणाऱ्यांचंही थोडं आहे. आपण लायब्ररी घेताना आवाज ऐकतो, किंमत बघतो, सवलत किती बघतो. ही उचलून नेता येईल का, हे बघत नाही. मी आता तेच आधी बघतो. साध्या वेव्हमध्ये आवाज आहेत का? निदान कॉन्टॅक्टमध्ये मोकळ्या फोल्डरातून उघडते का? परवाना मागणार असेल तर कुणाकडे आणि किती वेळा? याने माझी निवड निम्म्यावर आली आहे, काही फार सुंदर आवाज सोडून द्यावे लागतात. एका सारंगीवरून अजून जीव जातो. पण नाही घेतली.

या सगळ्या हलवाहलवीत एका लायब्ररीने मला काडीचाही त्रास दिला नाही. काकूच्या माहेरचा जुना तानपुरा आहे, मिरजेतच बनलेला. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा काकूने पेढे वाटले होते, जणू तिच्याच तानपुऱ्याला मिळालं.) त्याच्या चार तारा, पंचम, दोन जोड आणि खर्ज, मी एका दुपारी पंखा बंद करून, घामाघूम होत, एकेक करून रेकॉर्ड केल्या होत्या. प्रत्येक तार वीस-पंचवीस वेळा, जवारी जुळवून. आवाज साध्या वेव्हमध्ये, आणि कुठला आवाज कुठल्या कळीला याची नोंद एसएफझी नावाच्या पद्धतीने, म्हणजे पुन्हा साधा मजकूर, नोटपॅडमध्ये वाचता येणारा. चारशे एमबीसुद्धा नाही. सहाशे जीबींच्या पसाऱ्यात ती दिसतही नाही. तिला व्यावसायिक लायब्ररीची सफाई नाही, दोन ठिकाणी रिक्षाचा हॉर्न आहे. पण फोल्डर उचलला, नव्या डिस्कवर टाकला, वाजला. भाच्याच्या लॅपटॉपवर टाकला, तिथेही वाजला. त्याने मला विचारलं, "मामा, याचा सिरियल नंबर?" मी म्हटलं, काकूला विचार.

जुनी डिस्क मी अजून पुसलेली नाही. ती एका डब्यात, रुमालात गुंडाळून, देवघराखालच्या खणात ठेवली आहे. हिला म्हटलं, त्या खणाला हात लावू नका. तिने विचारलं, "किती दिवस?" भैरवीचे शेवटचे तीन मिनिटांचे बोल बसवायचे बाकी आहेत. तो तबला मूळचा कसा बोलत होता ते ऐकायला अधूनमधून ती डिस्क जोडावी लागते. नुसत्या पेटीची फाईल ज्यांना हवी आहे त्यांनी कळवा, वेव्हमध्येच पाठवतो, एमपी३ नाही. मोठी आहे, तेवढं सांभाळून घ्या. तिसऱ्या मिनिटाचा चहा मी काढलेला नाही.